वासंतीचा ताप

लीलाच्या मानेवर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. चुलीवरून उतरवलेल्या तव्यासारखी मान. आणि कोरडी. मे महिन्याची भर दुपार, डोक्यावर टिनाचं छप्पर. मी नुसती शिडी चढून माळ्यावर आले तरी माझं पोलकं पाठीला चिकटलं होतं. तिच्या अंगावर मात्र घामाचा एक थेंब नव्हता. ओठ पांढरे, तडकलेले. डोळे उघडे होते पण माझ्याकडे पाहत नव्हते. माझ्या मागे कोणी उभं असावं तसं ती पाहत होती. मी वळून पाहिलं. मागे सुताच्या रिकाम्या कांड्यांची टोपली होती.

"लीला, चाल खाली. माय बोलावून राहिली."

"मला एकटीला राहू दे, राजन," ती म्हणाली.

आमच्या घरात कोणी "मला" म्हणत नसे. आम्ही "मले" म्हणतो. आणि राजन नावाचं कोणी आमच्या गल्लीत, आमच्या नात्यात, कुठेच नव्हतं. तो पुस्तकात होता. ते पुस्तक तिच्या छातीवर पालथं पडलं होतं.

पुस्तकात हे सगळं शब्दन् शब्द लिहिलेलं होतं. अंग तापतं, ओठ कोरडे पडतात, डोळ्यांपुढे अंधारी येते, जेवण जात नाही. म्हणून आधी मला वाटलं, आलं एकदाचं प्रेम. मग तिची बोटं दिसली. हाताची बोटं आत वळली होती, कोंबडीच्या पायासारखी, आणि मी सरळ करायला गेले तर होईनात. असं पुस्तकात नव्हतं.

खाली बाबांचा माग खटक-खटक चालू होता.

*

नवतपा लागला की मला हे आठवतं. दरवर्षी. आठवण काढायला बसावं लागत नाही. नागपुरात राहणाऱ्याला नवतपा सांगावा लागत नाही, पण बाहेरच्यांसाठी सांगते. मे महिना सरताना नऊ दिवस असे येतात की दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. नळाला गरम पाणी येतं. दाराच्या कडीला हात लावताना पदर घ्यावा लागतो. आता घरोघरी कूलर आहेत. माझ्या खोलीतला कूलर इतका आवाज करतो की सून म्हणते, सासूबाई, हा बदलून टाकू. मी बदलू देत नाही. आवाज चालू असला की मला बरं वाटतं.

यंदा नवतप्याच्या तोंडावर माझी नात पायल बर्डीच्या बाजारात गेली होती. तिथे फुटपाथवर जुनी पुस्तकं मिळतात. ती अकरावीची परीक्षा देऊन मोकळी झालेली. तिने सुतळीने बांधलेला एक गठ्ठा आणला आणि माझ्या खाटेवर टाकला.

"आजी, हे बघ काय मिळालं. तुझ्या जमान्यातलं दिसून राहिलं."

वर गुलाबी मुखपृष्ठ. त्यावर एक मुलगी, लांब वेणी, झाडाला टेकून उभी. मागे डोंगर. तिची हनुवटी अशी वर की गळ्याला काही झालं असावं.

मी म्हटलं, "ही वासंती."

"तुला कशी माहीत?"

मी हातातला पाण्याचा पेला खाली ठेवला आणि सुतळी सोडायला लागले.

*

वासंतीच्या पुस्तकांची माला होती. प्रत्येक भागात वासंती कॉलेजात जायची, राजन भेटायचा, गैरसमज व्हायचा, ती आजारी पडायची आणि ऐन वेळी "पुढील भागात" असं छापलेलं असायचं. भाड्याने पुस्तकं देणाऱ्या दुकानातून लीला ती आणायची, पिशवीत कैऱ्यांच्या खाली घालून. लीला माझी मोठी बहीण. ती आठवीपर्यंत शिकली. मला चौथीनंतर काढून कांड्या भरायला बसवलं. कांडी म्हणजे मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यात जी सुताची नळी बसते ती. म्हणजे मला वाचता येत होतं, पण अडखळत. धडाधड वाचायला मी वासंतीमुळे शिकले. शाळेचे उपकार थोडे, वासंतीचे जास्त.

पायलने मला त्यातली पानं मोठ्याने वाचून दाखवली. हसून हसून ती खाटेवरून खाली सरकली. मीही हसले, कारण आता दिसतं की त्या पुस्तकात कोणी कधी भांडी घासत नाही. पाणी भरत नाही. वासंती इतके भाग जगली पण एकदाही जेवली नाही. घास हातात घेते आणि खाली ठेवते. राजनच्या गालाला खळी पडते. ती प्रत्येक पानावर पडते, आणि प्रत्येक वेळी वासंतीला जणू पहिल्यांदा दिसते. राजन तिला न विचारता तिचा हात धरतो, तिच्यावर संशय घेतो, मोटार घेऊन निघून जातो, आणि परत येऊन तिलाच माफ करतो.

"आजी, हा राजन तर पूर्ण रेड फ्लॅग आहे," पायल म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे लाल झेंडा. दिसला की गाडी थांबवायची."

"आम्हाले कोनं झेंडा दाखवला नाई वं," मी म्हटलं. "आमची गाडी गेली सरळ."

तिला वाटलं मी गंमत करते आहे.

एक गोष्ट मात्र तेव्हा आम्हाला कोणी सांगितली नाही, आणि आता पानं उलटताना पहिल्या झटक्यात दिसली. ती पुस्तकं थंड गावची आहेत. सगळीकडे धुकं, शाल, गरम कॉफीचा कप. अशा गावात अंग तापलं तर माणूस म्हणेल, अरे, हे काय झालं, हे प्रेम तर नाही? नागपुरात मे महिन्यात अंग तापलं तर ते ऊन असतं. लिहिणाऱ्याला हे माहीत नव्हतं, कारण तो कधी टिनाखाली झोपला नव्हता. आम्ही ते टिनाखाली बसून वाचलं.

*

आमचं घर विणकरांच्या गल्लीत. खाली एक खोली मागाची, एक रांधायची, आणि वर माळा. बाबांचा हातमाग जमिनीत खड्डा करून बसवलेला. विणणारा काठावर बसतो आणि पाय खड्ड्यात सोडून पावड्या दाबतो. ती खोली घरात सगळ्यात गार. सुताला हवेत थोडी ओल लागते म्हणून खाली जमिनीवर पाणी शिंपडत, भिंतीला उजेडापुरती एक खिडकी. तिथे बाबा असत. रांधायच्या खोलीत माय. मग वासंती वाचायची कुठे? माळ्यावर. नवतप्यात दुपारी माळ्यावर कोणी येत नसे, म्हणून आम्हाला तो सुरक्षित वाटला. टिन तडतड वाजायचं. खिळ्यांच्या भोकांतून उन्हाच्या काड्या खाली पडायच्या आणि त्या उजेडात लीला वाचायची. मी गुडघ्यांना मिठी मारून ऐकायची. पाणी वर न्यायचं नाही असा आमचा नियम होता, तांब्या दिसला तर माय विचारील म्हणून.

आमच्या गल्लीत आणखी एक नियम होता, तो सगळ्यांचा. दिवसा माग थांबत नसे. अमावस्येला सुट्टी, बाकी रोज उजाडल्यापासून खटक-खटक. घरोघरी माग, त्यामुळे आम्हाला तो आवाज ऐकूच येत नसे. पण एखाद्या घरचा माग भलत्या वेळी थांबला की शेजारच्याला लगेच कळायचं. तो आपला धोटा खाली ठेवून बाहेर यायचा आणि दारातून विचारायचा, "कोन गेलं?" दुसरं काही विचारत नसत. माग थांबला म्हणजे घरातलं कोणी गेलं, असं धरूनच चालत.

मला लहानपणापासून भुताची भीती वाटली नाही. मागाच्या थांबण्याची वाटायची. अजून वाटते.

*

लीलाचं प्रेम असं जमलं की आधी लक्षणं आली आणि माणूस नंतर शोधावा लागला.

नवतपा लागून थोडे दिवस झाले होते. दुपारी माळ्यावरून उतरली की तिचं डोकं ठणकायचं. भाकरी नको म्हणायची. शिडी उतरून आली की भिंत धरायची. छातीत धडधडतं म्हणायची. मी तिच्याकडे पाहायची, ती माझ्याकडे, आणि दोघींना एकदमच वासंतीचं पान आठवायचं.

"लीला, तुले झालं वाटते."

"चूप. मायले सांगू नको."

"पन कोनावर?"

हा प्रश्न अवघड होता. आम्ही गल्ली नजरेखालून घातली. म्हातारे काढले, लग्न झालेले काढले, नात्यातले काढले. उरला प्रभाकर. समोरच्या घरी सुट्टीत अमरावतीहून आलेला भाचा. उंच होता, तेवढं बरं होतं. राजनच्या गालाला खळी पडायची. प्रभाकरच्या गालावर देवीचे बरेच वण होते, त्यातलाच एक आम्ही खळी धरला. त्याने लीलाकडे कधी पाहिलं होतं असं मला आठवत नाही. तो सकाळी विहिरीवर दात घासायचा आणि फार मोठ्याने खाकरायचा. वासंतीचा राजन कधी खाकरला नाही. पण लीला म्हणाली, ते पुस्तकात लिहीत नसतील.

मग ती बोलायलाही वासंतीसारखी लागली. "मला काही सुचत नाही," म्हणायची. "मला एकटीला राहू दे." मायसमोर "मले", माझ्यासमोर "मला". मी तिला वेडावायची, पण आतून मला ती मोठी झाल्यासारखी वाटायची. लिहिताना "मला" लिहायचं आणि बोलताना "मले" म्हणायचं एवढं चौथीपर्यंत मला कळलं होतं. लिहायची भाषा तोंडाने बोलणारी बाई मी पहिल्यांदा पाहत होते, आणि ती माझीच बहीण होती.

*

परवा दुपारी लाइन गेली.

कूलर थांबला. पंखा फिरत फिरत थांबला. घर एकदम असं गप्प झालं की माझ्या कानात दडे बसले. मी खाटेवर उठून बसले. पायल तिच्या खोलीत होती, दार लावलेलं. सकाळी तिने नाश्ता अर्धा टाकला होता. आदल्या दिवशी डोकं दुखतं म्हणाली होती. मी भिंत धरत गेले, दार ढकललं. ती उताणी पडली होती, डोळे मिटलेले, छातीवर वासंतीचं पुस्तक पालथं.

"पायल."

ती हलली नाही.

"पायल वं."

नाही. तिच्यापर्यंत गेले कशी ते मला माहीत नाही. मानेखाली हात घातला.

ती किंचाळून उठली. कानातून दोन पांढरी बोंडं काढली. "आजी, काय करून राहिली तू. मेली असती ना मी घाबरून."

माझा हात ओला होता. मान घामाने भिजलेली. मी तो हात लुगड्याला पुसला आणि तिथेच तिच्या गादीवर बसले.

"पानी पी," मी म्हटलं.

"आत्ताच पिली."

"आनखीन पी."

सून दारात आली. ती मला समजावायला लागली की आता घरोघरी माहिती आहे, ओआरएसची पाकिटं आहेत, पोरगी लहान नाही. सगळं खरं आहे. पण माझा हात माझं ऐकत नाही. तो मानेवरच जातो. नवतप्यात या घरात कोणी झोपलं की मी एकदा तरी मान पाहून येते. मुलगा म्हणतो, आई, चोर आल्यासारखं वाटतं.

*

त्या दिवशी सकाळपासून मायने कुरडया घातल्या होत्या. लीला लवकरच वर गेली, डोकं दुखतं म्हणून. मला कुरडयांवरची पाखरं हाकायला अंगणात बसवलं होतं. जेवायला हाक मारली तरी ती उतरली नाही, म्हणून मला वर पाठवलं. बाकी वर लिहिलंच आहे.

बोटं सरळ होईनात तेव्हा मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. आठवतं ते एवढंच की खाली माग थांबला.

खटक, आणि दुसरी खटक आलीच नाही.

बाबा शिडी चढून आले. बाबा माळ्यावर कधी येत नसत. त्यांनी लीलाला पाहिलं, पुस्तकाकडे पाहिलंही नाही, तिला खांद्यावर टाकलं आणि उतरले. गल्लीतला एकेक माग थांबत गेला. आधी डाव्या हाताचा, मग समोरचा, मग लांबचे. एवढी शांतता मी त्या गल्लीत कधी ऐकली नव्हती. मग दारात माणसं.

"कोन गेलं?"

माय दारात उभी होती, हात कुरडयांच्या चिकाने पांढरे. लीला गेली की आहे, ते मलाही माहीत नव्हतं.

शेजारची गंगाबाई आत घुसली. लीलाच्या पापण्या वर करून पाहिल्या आणि मायवर ओरडली, "ऊन लागलं वं पोरीले. पाहत काय राहिली? कैरी भाज. कांदा आन."

ऊन. गल्लीतल्या कोणत्याही बाईला एका नजरेत कळलं असतं. आम्हा दोघींनाच कळलं नव्हतं, कारण आमच्याजवळ पुस्तक होतं.

बाबांनी तिला मागाच्या खोलीत नेलं आणि खड्ड्यात पाय सोडून काठावर बसवलं. पाठीमागून स्वतः धरलं. "पानी," म्हणाले. मागावर अर्धं लुगडं होतं. ताण्याला, म्हणजे मागावरच्या उभ्या सुतांना, खळ दिलेली असते, पाणी लागलं की सुतं एकमेकांना चिकटतात. आम्ही पोरी ओला हात घेऊन त्या खोलीत गेलो तरी मार बसायचा. त्या दिवशी बाबांनी तिथेच बादली ओतली. ताण्यावर, लुगड्यावर, लीलावर. दुसरी ओतली. विहिरीवरून पाणी प्रभाकर आणत होता. धोतर गुडघ्यावर खोचलेलं, दोन्ही हातांत बादल्या, तोंडाने हुं हुं करत. लीला त्याच्याकडे पाहत होती आणि त्याला ओळखत नव्हती. "राजन, मला जाऊ दे," ती म्हणत होती. प्रभाकरने बादली ठेवली आणि दुसरी आणायला पळाला.

गंगाबाईने कांदा ठेचून तिच्या तळपायांना चोळला. मी पदराने वारा घालत होते. रांधायच्या खोलीत चूल थंड होती आणि मायला जाळ हवा होता, लगेच, कैरी भाजायला. ती माळ्यावर गेली, हाताला लागेल ते घेऊन आली. रिकामी टोपली, चिंध्या आणि ते पुस्तक. मायला वाचता येत नव्हतं. पानं फाडून फाडून तिने चुलीत घातली. वासंती तापाने फणफणली होती, राजन दारात उभा होता, पुढे काय होणार हे आम्हाला कळायचं होतं, ती पानं जळाली आणि त्यांच्यावर कैरी भाजली. तिचं पन्हं केलं. ते बाबांनी चमच्याने लीलाच्या ओठांत घातलं. निम्मं हनुवटीवरून खाली ओघळलं.

मग काही करायचं उरलं नाही. बादल्या झाल्या, कांदा झाला. माणसं अंगणात बसून राहिली. कोणी घरी जाऊन माग सुरू केला नाही. मी लीलाच्या तोंडाजवळ कान नेऊन ऐकत होते. ती मध्येच बोलायची. मला भीती वाटते. मला नेऊ नका. मला, मला. प्रत्येक "मला"ला मी तिला हलवायची. ती आमच्या घरात नव्हती. पुस्तकातल्या त्या थंड गावात होती, आणि तिथून परत कसं आणतात ते गंगाबाईलाही माहीत नव्हतं.

खिडकीतलं ऊन भिंतीवर चढलं, पिवळं झालं. बाबांनी तिला अजून सोडलं नव्हतं. मग तिच्या कपाळावर, केसांच्या मुळाशी, काहीतरी चमकलं. मला वाटलं ओतलेलंच पाणी असेल. पुसलं. परत आलं.

"बाबा, घाम."

लीलाने डोळे उघडले. ओल्या लुगड्याकडे पाहिलं, ताण्याकडे पाहिलं आणि घाबरली. बाबा मारतील असं तिला वाटलं असावं.

"मले पानी दे वं," ती मला म्हणाली.

मले.

बाबांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. मी तांब्या आणायला पळाले. अंगणात कोणीतरी उठलं, धोतर झटकलं, आणि थोड्या वेळाने लांब कुठेतरी पहिला माग सुरू झाला.

*

पायलच्या गठ्ठ्यात सगळ्यात खाली शेवटचा भाग होता. तो बरेच दिवस मी उघडला नाही. पायल म्हणाली, मी सांगू का शेवट? मी म्हटलं, खबरदार. या वयात पुस्तकाला कसली भ्यायची. पण भ्याले.

काल वाचला. चष्मा लावून, कूलरसमोर बसून, एका दुपारीत. शेवटच्या सबंध प्रकरणात वासंती पलंगावर आहे. तिला ताप आहे. राजन उशाशी बसून तिचा हात हातात घेतो. खिडकीबाहेर धुकं आहे. तो बोलतो, ती बोलते, परत तो बोलतो. कोणीतरी फुलं आणून ठेवतं. मग ती डोळे मिटते आणि खाली "समाप्त" छापलेलं आहे.

मी पुस्तक मिटलं आणि लीलाला फोन लावला. लीला खापरखेड्याला राहते, तिचा मुलगा तिकडे वीज केंद्रात आहे. आमच्या वयात भर दुपारी फोन वाजला की माणूस हॅलो म्हणत नाही.

"कोन गेलं वं?" लीलाने विचारलं.

"वासंती."

"कोन वासंती? पाचपावलीवाली?"

"पुस्तकातली वं. राजनची."

"कोन राजन?"

मी तिला सगळं सांगितलं. माळा, गुलाबी पुस्तक, प्रभाकर. प्रभाकर तिला आठवला, त्याच्या खाकरण्यामुळे. वासंती आठवेना.

"कशानं गेली?"

"तापानं. राजन हात धरून बसला होता."

"पानी नाई देल्लं काय कोनं?"

मी पुस्तक परत उघडून पाहिलं. पलंग, फुलं, धुकं, हात. "नाई," मी म्हटलं.

"मंग मरनच ना वं," लीला म्हणाली.

मी विचारलं, "तुले घाम येऊन राहिला ना?"

"नाई तर काय थंडी वाजून राहिली? नवतपा आहे. ठेव फोन, भात लागंल माझा."

वासंती गेली. माय, बाबा, गंगाबाई आपापल्या वेळी गेले. त्या दुपारी माळ्यावर आम्ही दोघी होतो. दोघी आहोत.